पट्ट्याखालचा गाळ

पोफळी मागे पडली आणि कुंभार्ली घाटाची खरी चढण लागली, की आमची गाडी आचके द्यायला लागायची. सपाटीला काही त्रास नव्हता. चिपळूणहून खेर्डी, पिंपळी, शिरगाव सगळं एका लयीत जायचं. घाटात तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर आलं, ॲक्सिलरेटर खाली दाबला, की इंजिनाचा आवाज पोकळ व्हायचा. मग दोनतीन गचके, आणि गाडी बंद. बाजूला घेऊन चाकामागे दगड लावून दहा मिनिटं थांबलं, की काहीच झालं नाही अशी चालू व्हायची. पुढे पाच-सहा वळणं नीट, आणि पुन्हा तेच.

डिसेंबरात मावशीला कराडला सोडायला निघाले होते, तेव्हा हेलवाकपर्यंत पोचायच्या आत गाडी चार वेळा थांबली. चौथ्या वेळी मावशी काही बोलली नाही, पिशवीतली पाण्याची बाटली काढून नुसती माझ्यापुढे धरली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांना हात दाखवत मी त्या वळणावर उभी होते आणि मनात एकच होतं, की घरी गेल्यावर अण्णांना काय सांगायचं.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. २००३ सालची टेम्पो ट्रॅव्हलर. आरसी बुकात कंपनीचं नाव अजून 'बजाज टेम्पो' आहे. 'फोर्स मोटर्स' हे नाव २००५ साली आलं. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीशी करार करून ही कंपनी काढली, आणि तिच्या तीनचाकी गाड्यांनी मराठीला 'टेम्पो' हा शब्दच देऊन टाकला. आता कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी आपण टेम्पोच म्हणतो. आमच्या गाडीचं इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं, चार सिलिंडरचं, साधं आणि दणकट. हेच इंजिन ज्या गाडीत होतं, त्या मर्सिडीज २४० डीची एक टॅक्सी ग्रीसमध्ये ४६ लाख किलोमीटर चालली, मधे इंजिनं बदलावी लागली तरी गाडी तीच राहिली, आणि २००४ साली मालकाने ती कंपनीच्या संग्रहालयाला दिली. अण्णांना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा ते म्हणाले, "त्याने डिझेल स्वच्छ पाजलं असणार."

अण्णांनी या गाडीतून काय काय नेलं त्याची मोजदाद नाही. गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानी, गुहागरची वऱ्हाडं, शाळेच्या सहली, रात्री-अपरात्री डेरवणच्या दवाखान्यात न्यायचे पेशंट. २०२२ साली डोळ्यांनी दगा दिला आणि त्यांनी स्वतःहून स्टिअरिंग सोडलं. कुणी सांगायची वेळ येऊ दिली नाही. गाडी विकायची मात्र तयारी नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझीही नव्हती. मी शाळेत शिकवते. सुट्टीत, सणावाराला, कुणाला नड असली की मी ती काढते. बाकीचे दिवस ती अंगणात उभी.

आमचे मिस्त्री अण्णांच्या वयाचेच. त्यांनी आधी डिझेल फिल्टर बदलला. आठवड्यात पुन्हा तेच. दुसरा फिल्टर टाकताना त्यांनी जुन्याची वाटी माझ्या तळहातावर उपडी केली. तळाला विटेच्या पुडीसारखा लाल-तपकिरी गाळ. बोटांत चोळला तर खरखरीत लागला. तिसऱ्या खेपेला त्यांनी फिल्टरला हातच लावला नाही. पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घेतलं, कॅन केबिनमध्ये तारेने बांधला, टाकीकडून येणारा पाइप काढून त्या जागी कॅनमधला पाइप जोडला, रिटर्नचा पाइपही कॅनमध्येच सोडला आणि मला म्हणाले, "चला, घाट बघून येऊ." गाडी वरपर्यंत एका दमात चढली. खिंडीत चहा घेताना ते म्हणाले, "गाडीला काही झालेलं नाही. टाकी सडलीय."

मग कळलं की घाटातच का. टाकीच्या आत डिझेल ओढणाऱ्या नळीच्या टोकाला बारीक जाळी असते. टाकीतून सुटलेले गंजाचे पापुद्रे डिझेलमध्ये तरंगत असतात. सपाटीला इंजिन थोडं डिझेल मागतं, तेवढं जाळीतून येतं. चढणीला मागणी वाढली, ओढ वाढली, की पापुद्रे ओढले जाऊन जाळीला चिकटतात आणि इंजिनाचा घास तुटतो. गाडी बंद करून थांबलं की ओढ संपते, पापुद्रे सुटून खाली बसतात. माझ्या दहा मिनिटांच्या थांबण्याने गाडी "थंड" होत नव्हती, तिच्या घशात अडकलेलं तेवढं खाली बसत होतं.

आणि हे पापुद्रे जाळीतच अडकत होते हे नशीब. त्यांची बारीक पूड पंपापर्यंत गेली असती तर भलतंच महागात पडलं असतं. डिझेल पंपाचा दट्ट्या त्याच्या नळीत बसतो ती फट अवघी दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. त्या फटीत वेगळं तेल जात नाही, डिझेल हेच तिथलं वंगण. तिथे गंजाची पूड किंवा पाणी गेलं की पंप घासला जातो आणि इंजिनात डिझेल फवारणारे नोझल बिघडतात. मिस्त्री सगळ्याच पंपांना 'मायको' म्हणतात. पंप करणाऱ्या कंपनीचं मायको हे नाव जाऊन बॉश झालं त्याला कितीतरी वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून ते जाणार नाही, आणि मला ते ऐकायला आवडतं.

टाकी उतरवायची ठरली तेव्हा आमच्या आळीतल्या एकाने अगदी आपलेपणाने सुचवलं, की नवी कशाला, भोकं पडली असतील तिथे वेल्डिंग मारून घ्या. मिस्त्री कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. टाकी रिकामी झाली म्हणजे तिच्यातलं डिझेल संपलं असं नाही. सांध्यात, गंजाच्या पापुद्र्यांखाली ते भिनलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने त्याची वाफ होते, आत हवा असतेच, आणि बंद पत्र्यात ते पेटलं की टाकीचा बॉम्ब होतो. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट. असा एक अपघात त्यांनी तरुणपणी डोळ्यांनी पाहिला होता. त्याबद्दल पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. दुसऱ्या कुणीतरी जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याची टाकी करून घ्या, ती गंजणार नाही, असं सांगितलं. त्यालाही त्यांनी मान हलवली. पत्र्यावरचं जस्त डिझेलमधल्या आम्लांशी लागतं, त्याचा साबणासारखा चिकटा होतो आणि तो नोझलमध्ये जाऊन बसतो. हे मला माहीत नव्हतं. पूर्वी टाकीच्या पत्र्याला शिसं-कथलाचा पातळ लेप देत असत, तेही त्यांनीच सांगितलं. लगेच डोळ्यांसमोर लहानपणचा कल्हईवाला आला, तापलेल्या पातेल्यात नवसागराचा धूर आणि कापसाच्या बोळ्याने फिरवलेलं चकचकीत कथील. आईच्या पातेल्यांना आणि अण्णांच्या गाडीला एकाच धातूने जपलं होतं.

रविवारी सकाळी काम काढलं. बॅटरीची तार सोडवली, पुढच्या चाकांना ओंडके लावले, मागची बाजू जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली. वाळूची बादली शेजारी. अण्णा पडवीत खुर्ची टाकून बसले. त्यांना आता माणसं आकारानेच दिसतात, पण पान्याच्या आवाजावरून नट सुटतोय की झिजतोय हे त्यांना बसल्या जागी कळत होतं. "तो सोड, रॉकेल मार आणि चहा प्या आधी," असं तिथूनच चालू होतं.

टाकीखालचा ड्रेनचा बोल्ट सोडून डिझेल डब्यात काढलं. शेवटचं लिटरभर मिस्त्रींनी लोणच्याच्या काचेच्या बरणीत धरलं आणि बरणी पडवीच्या कठड्यावर ठेवली. तासाभरात तिच्यात थर दिसायला लागले. वर मधासारखं डिझेल. तळाला दोन बोटं पाणी, त्यात लाल गाळ. आणि दोन्हींच्या मधे, अगदी सीमेवर, काळसर शेवाळासारखी एक जाळी. ती जिवंत असते. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जिवाणू आणि बुरशी वाढते, पाण्यात राहते आणि डिझेल खाते. तिच्यातून आम्लं सुटतात आणि पत्र्याला तळातून खड्डे पडत जातात. शाळेत मी मुलांना घनता शिकवते, तेल वर आणि पाणी खाली असं फळ्यावर काढते. ती बरणी मी सोमवारी वर्गात नेली.

अण्णांना मी बरणीचं सांगितलं, पाणी किती आहे ते बोटांनी त्यांच्या हाताला लावून दाखवलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "टाकीत वारा ठेवलास तू."

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. अण्णा कितीही उशिरा आले, कितीही दमलेले असले, तरी नाक्यावरच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरल्याशिवाय गाडी घरी लावत नसत. आई म्हणायची, सकाळी भरा, पंप काय पळून जातोय का. आम्हा मुलांना ती त्यांची सवय वाटायची, रात्री देवापुढे दिवा लावावा तशी. सत्तरच्या दशकात मुंबईत ज्यांच्या हाताखाली ते क्लीनर होते त्या उस्तादांनी त्यांना सांगितलं होतं, की टाकीत वारा ठेवू नये. अर्धी टाकी म्हणजे अर्धी हवा. आपल्याकडची हवा ती, खाडीवरून येणारी, भिजलेली. रात्री पत्रा गार होतो आणि त्या हवेतलं बाष्प आतल्या बाजूला थेंब होऊन बसतं, थेंब ओघळून डिझेलच्या तळाशी जातात. दुसऱ्या दिवशी ऊन लागलं की हवा फुगून ब्रीदरमधून, म्हणजे टाकीला हवा खेळायला ठेवलेल्या वाटेने, बाहेर, रात्री पुन्हा नवी ओली हवा आत. एका रात्रीत काही होत नाही. पण मी तीन वर्षं हजार-पाचशेचं डिझेल टाकत होते. गाडी फारशी निघत नाही, मग एवढे पैसे कशाला अडकवायचे, हा माझा हिशेब. तीन पावसाळे ती अशी पाव टाकीवर उभी होती.

"मला सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"मला वाटलं तुला माहीत आहे," अण्णा म्हणाले. "तू किती वेळा माझ्याबरोबर पंपावर होतीस."

होतेच. मागच्या सीटवर झोपेत, पंपाच्या दिव्याखाली. पंपावरचा पोरगा "फुल?" म्हणायचा आणि अण्णा बोटांच्या गाठींनी टाकीवर टकटक करून ऐकायचे. रिकामी टाकी खणखणते. भरत आली की आवाज वर सरकत सरकत बद्द होत जातो.

टाकी दोन लोखंडी पट्ट्यांनी चेसिसला बांधलेली असते. पट्टा आणि टाकी यांच्या मधे रबराची पट्टी, म्हणजे पत्रा घासू नये. मागचा पट्टा लवकर सुटला. पुढच्याचा बोल्ट काही केल्या हलेना. शेवटी मिस्त्रींनी तो हॅक्सॉने कापायला घेतला. वेल्डिंगचं नाव नाही, कटरची ठिणगी नाही, नुसतं हाताने. मी खाली आडवी होऊन टाकीला दोन्ही हातांनी आधार देत होते. पट्टा सुटला आणि माझ्या छातीवर, गळ्यावर, तोंडावर मातीची ढेकळं पडली. काळपट, बारीक, कोरडी माती. मी डोळे मिटून घेतले, आणि वासावरून ओळखलं.

२२ जुलै २०२१. चिपळूणच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. रात्रभर धो धो पाऊस, वाशिष्ठी आणि शिवनदी पहाटे गावात. बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला लागलं, एसटी स्टँडात बसगाड्यांचे नुसते टप दिसत होते. २००५च्या पुरानंतर अण्णा दर पावसाळ्यात गाडी वरच्या अंगाला नेऊन लावायचे. त्या रात्री नेमकी एका बाळंतिणीला सोडून ते दोनला परतले होते. सकाळी उंचावर नेऊ म्हणाले. पाचला पाणी दारात होतं. माळ्यावर बसून आम्ही कौलं काढून ठेवलेल्या फटीतून बघत होतो. गाडीची चाकं गेली, पायऱ्या गेल्या, सीटांपर्यंत पाणी चढलं. अण्णा बघत राहिले. घरात आईची शिलाई मशीन, माझ्या मुलीची दप्तरं, कपाट सगळं पाण्यात होतं. आम्ही कुणीच कशाचंच नाव घेतलं नाही.

पाणी ओसरल्यावर राहिला तो गाळ. घरात गुडघाभर. महाराष्ट्रभरातून माणसं आली, झाडू-फावडी घेऊन, भाकऱ्या घेऊन. नाव न सांगता आमची भांडी घासून गेलेल्या दोघी जणी मला अजून आठवतात. गाडीचं इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं, ते तीनदा बदललं. सीटा सोडवून धुतल्या, वायरिंग नवं टाकलं, टाकीतलं पाणी ड्रेनमधून काढून टाकलं. पुढच्या पासिंगला गाडी पासही झाली. आम्हाला वाटलं, गाळ गेला.

तो पट्ट्याखाली होता. रबर आणि पत्रा यांच्या फटीत शिरलेला, धुताना पाइपचं पाणी जिथे पोचलं नाही तिथे. दर पावसाळ्यात तो भिजायचा, आणि बाकीची टाकी दोन दिवसांत सुकली तरी तो आतून ओला राहायचा. लोखंडाला गंज चढायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण गाळाखाली, जिथे हवा कमी पोचते, तिथलाच पत्रा जास्त खोल खाल्ला जातो. पत्र्याचा हवेशीर भाग आणि कोंडलेला भाग यांच्यात विजेच्या सेलसारखा व्यवहार सुरू होतो, आणि त्यात झिजतो तो कोंडलेला भाग. टाकी खाली उतरवून उन्हात ठेवली तेव्हा पट्ट्याच्या रुंदीची एक नेमकी पट्टी दिसली, हाताने आखल्यासारखी. बाकी टाकीचा काळा रंग बराचसा शाबूत. त्या पट्टीत मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, जोर केला नाही, आणि तो आत गेला. आतून पाण्याने आणि बाहेरून गाळाने ती जागा दोन्हीकडून खाल्ली होती. डिझेल गळत नव्हतं ते केवळ गंजाच्या खपलीमुळे आणि रबराच्या दाबामुळे.

मी तोंड धुऊन आले तर अण्णा खुर्चीवरून उठून काठीच्या आधाराने गाडीपाशी आले होते. त्यांनी हात पुढे केला. मी एक ढेकूळ त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते अंगठ्याने हळूहळू कुस्करलं. मातीतून भाताचं एक फोलपट निघालं, चार वर्षं कोरडंओलं होऊनही अख्खं. ते त्यांना दिसलं नसणार, बोटाला लागलं. त्यांनी ते चिमटीत धरलं आणि बराच वेळ धरूनच ठेवलं. कुणाच्या कोठारातलं, कुठल्या वावरातलं, काय ठाऊक. त्या दिवशी माळ्यावर जे बोलणं झालं नव्हतं ते त्यांनी तेव्हा केलं. म्हणाले, "दोनला आलो तेव्हाच वर नेऊन लावायला हवी होती." मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही दोन जीव पोचवून आला होतात." ते काही बोलले नाहीत. पण काठीवरचा हात सैल झाला.

नवी टाकी कोल्हापुरात मिळाली, स्पेअर पार्टच्या दुकानात, गोणपाटात शिवलेली. मी एसटीने गेले आणि एसटीनेच आणली. कराडहून चिपळूणच्या गाडीत कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं आणि टाकी मागच्या सीटवर आडवी ठेवू दिली. खड्ड्यात गाडी आपटली की ती आतून घंटेसारखी वाजायची. आत पडदे असतात, वळणावर डिझेल एका बाजूला धावू नये म्हणून, त्यांचाही आवाज मिसळायचा. शेजारच्या आजींनी विचारलं, "काय गं, पिंप का?" मी सांगितलं, वडिलांच्या गाडीची टाकी. त्यांनी लगेच तिच्यावर हात ठेवला, घाट संपेपर्यंत सरकू नये म्हणून. गाडी चार वेळा थांबली ती वळणं रात्री काचेतून गेली.

पुढच्या रविवारी टाकी चढवली. आत फ्लोट नवा, जाळी नवी, रबरी पाइप आणि क्लिपा नव्या, तांब्याचे वायसर नवे. पट्ट्यांखालच्या रबराला मिस्त्रींनी दोन्ही बाजूंनी ग्रीस लावलं आणि मला दाखवलं, की पावसाळा संपला की पट्टे ढिले करून इथे पाणी मारायचं, सुकू द्यायचं, मग पुन्हा आवळायचं. मी ते घरच्या कॅलेंडरवर दसऱ्याच्या चौकटीत लिहून ठेवलंय. दसऱ्याला गाडीची पूजा असतेच.

लाइनमध्ये हवा होती, ती काढायची होती. मिस्त्री फिल्टरवरचा बोल्ट ढिला करून बसले आणि हातपंप मारायचं काम मला दिलं. पहिल्यांदा नुसता फेस आला. मग बुडबुडे, मोठे, मग बारीक. मिस्त्री म्हणत होते, "अजून. अजून." पडवीतून अण्णाही म्हणत होते, "अजून." मग एकदाची स्वच्छ, अखंड धार आली. बोल्ट आवळला, हीटर तापू दिले, चावी फिरवली. दोन झटक्यांत इंजिन लागलं. अण्णांनी मान एका बाजूला कलती केली आणि ऐकत राहिले, गाणं ऐकावं तसं.

संध्याकाळी आम्ही तिघं घाट चढून खिंडीपर्यंत जाऊन आलो. उतरताना अंधार झाला होता. नाक्यावरच्या पंपावर मी गाडी वळवली. पोराने नळी लावली आणि विचारलं, "कितीचं?"

"फुल," मी म्हटलं.

अण्णा दार उघडून खाली उतरले. काठी गाडीला टेकवली, वाकून हाताने टाकी शोधली आणि बोटांच्या गाठींनी तळापासून वाजवत वर आले. टण, टण, टण. मीटर फिरत होता. पोरगा काय चाललंय ते बघत थांबला. आवाज हळूहळू वर सरकला, जाड झाला, आणि अगदी वरच्या कडेशी बद्द वाजला.

"बस," अण्णा म्हणाले.